टोप खाली, झाकण वर

मित्रांनो, एखादं महान राष्ट्र दुभंगताना अगदी जवळून पाहणं फार थोड्यांच्या नशिबी येतं. साम्राज्यं आली आणि गेली, तह झाले आणि मोडले, राजवाड्यांत दिवे लागले आणि विझले. पण एका अख्ख्या देशाची जनता जेव्हा दोन बाजूंना उभी राहिली, तेव्हा मतमोजणीच्या अगदी मध्यभागी मी होतो. नुसता हजर नव्हतो. मतं माझ्यातच पडली होती.

मी झाकण आहे.

बिर्याणीच्या टोपाचं. जाड ॲल्युमिनियमचं, सव्वा हात रुंद, डोक्यावर एक कडी आणि ती धरून ठेवणारे तीन रिव्हेट. झाकण हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे मला ठाऊक आहे. पण ‘मी आलं, मी गेलं’ असं म्हणत राहिलो तर तुम्ही हसत बसाल आणि गोष्ट राहून जाईल, म्हणून मी सोयीसाठी आलो-गेलो म्हणतो. मुंबईत बावळट माणसाला ‘झाकण’ म्हणतात, हेही माझ्या कानावर आलं आहे. माणसांनी एकमेकांना काय म्हणावं हा त्यांचा प्रश्न. मी मात्र आजवर कुठल्याही झाकणाला ‘ए माणसा’ म्हणून हाक मारलेली नाही.

माझा जन्म मुंबईबाहेरच्या एका भांड्यांच्या कारखान्यात झाला. पत्र्याची एक गोल चकती यंत्रावर गरगर फिरवली, एका घामाघूम माणसाने तिला लोखंडी दांड्याने रेटलं, आणि मला पोक आलं. त्या पोकाला पुढे लोक घाट म्हणू लागले. तिथून बोटीने मी मस्कतला आलो आणि रुवीच्या बाजारात एका दुकानाच्या माळ्यावर बसलो. टोप वेगळ्या खोक्यातून आला होता. म्हणजे आम्ही जन्माचे जोडीदार नव्हतो. दुकानदाराने मला त्याच्यावर ठेवलं, एकदा फिरवलं, वरून एक थाप मारली आणि म्हणाला, “बसलं.” बरीच लग्नं याहून कमी चौकशीने होतात.

आम्हाला दोन माणसांनी मिळून उचललं. एक जेरोम, वसईचा, मस्कतमधल्या एका हॉटेलात स्टोअरकीपर. दुसरा हारून, रत्नागिरीकडचा, वादी कबीरमध्ये त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. दोघेही शहराबाहेर, माबेल्यातल्या एकाच इमारतीत राहायचे, हारून पहिल्या मजल्यावर आणि जेरोम दुसऱ्या. रोज तासभर एकाच गाडीतून कामावर जायचे आणि तासभर परत यायचे. दिवसाचे दोन तास एका माणसाशेजारी बसून ट्रॅफिक बघितला की एक तर खून होतो नाहीतर मैत्री. त्यांची मैत्री झाली.

ईदला हारूनच्या घरी जेवण, नाताळला जेरोमच्या. माणसं दोन्हीकडे तीच. म्हणून टोप एकच पुरे, असं ठरलं. एक तोंडी करारही झाला: या टोपात डुक्कर शिजणार नाही. जेरोमची बायको पामेला नाताळला आपलं डुकराचं इंदियाल वेगळ्या लहान भांड्यात करायची, आणि बाटली मसाल्यातलं मटण या टोपात. हा करार कुठे लिहिलेला नव्हता, त्यावर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या, आणि तो एकदाही मोडला नाही. लिहिलेल्या करारांचं काय होतं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच.

आता मुद्द्याची गोष्ट. स्वयंपाकघरं अरुंद होती. हारूनच्या ओट्याखाली टोप बसला, मी बसलो नाही. मग मला जेरोमच्या घरी नेलं. तिथे फ्रिजमागे एक फट होती, ती माझ्याच मापाची निघाली. झालं, टोप खाली, झाकण वर. गैरसोय म्हणून सुरू झालेली गोष्ट वर्षभरात रीत होऊन बसली. बिर्याणी करायची म्हटलं की हारून जिन्यातून ओरडायचा, “जेरोमभाय, झाकण आण.” आणि झाकण आणायचं म्हणजे बायको आणायची, मुलगी आणायची, कोशिंबीर आणायची. त्या इमारतीत ‘झाकण आण’ याचा अर्थ ‘जेवायला या’ असा होता. तळमजल्यावरचा प्रशांत, बँकेतला, हा आणि त्याची बायको प्रेमा नवीन राहायला आले तेव्हा प्रशांतने आपलं घरचं झाकण वर नेऊन दिलं होतं. बिचाऱ्याला वाटलं वर्गणी आहे.

यातली गोम हारूनची बायको दिलशाद हिने पहिल्यांदा ओळखली. ती पामेलाला म्हणाली, “बरं झालं गं बाय. ह्या दोघांचं कधी वाजलं ना, तरी एकाला दुसऱ्याच्या दारात जावंच लागंल. टोपाला दम कोण देणार?”

पामेला म्हणाली, “पुरुष आहेत ते. उपाशी राहतील पण जाणार नाहीत.”

दोघी हसल्या. मीही हसलो असतो, पण माझ्यावर तेव्हा निखारे होते.

दम गच्चीवर द्यायचे. माझ्या काठाला कणकेची वळी लावून मला टोपावर घट्ट बसवायचे, डोक्यावर कोळसे ठेवायचे. जेरोम घड्याळ धरून बसायचा. स्टोअरकीपर माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीची नोंद हवी. हारून घड्याळ बघायचा नाही. तो वाकून माझ्या कडेपाशी कान न्यायचा. “अजून बोलतंय,” म्हणायचा. बोलणं थांबलं की, “खलास. उतरव.” तेरा-चौदा वर्षांत बिर्याणी एकदाही लागली नाही. पाहुणे टोपाचं कौतुक करायचे. “काय टोप आहे,” म्हणायचे. झाकणाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. ते असो.

मग इंग्लंड आलं.

म्हणजे इंग्लंड जिथे होतं तिथेच होतं. आमच्या इमारतीत ते दोन दारांनी शिरलं. जेरोमची मुलगी फ्लाविया लग्न करून तिकडे स्विंडनला गेली होती. तिच्या नवऱ्याचे, फेबियनचे, वडील गोव्याचे. त्या नात्याने फेबियनला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, आणि पोर्तुगाल युरोपात असल्यामुळे इंग्लंडचं दार त्याला उघडं होतं. इकडे हारूनचा धाकटा भाऊ यासिर ओमानातच, सलालाहला एका हॉटेलात आचारी. त्याला कुणीतरी तिकडून सांगितलं होतं की युरोपवाले एकदा बाहेर गेले की हॉटेलांना आपल्याकडचे आचारी लागतील, व्हिसे सुटतील. तेव्हा इंग्लंडने युरोपात राहावं की निघावं याचं सार्वमत जाहीर झालं आणि माबेल्यात दोन पक्ष तयार झाले.

या दोघांना तिथे मत नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. ओमानमध्ये मत असण्याचा प्रश्न नव्हता. भारतात नाव यादीत होतं, पण मतदानाच्या दिवशी माणूस इकडे. असं तीन देशांत मिळून एकही मत नसलेला माणूस जितका ठाम बोलतो, तितका मतदार कधी बोलत नाही. मतदाराला निदान एकदा बोटाला शाई लावून गप्प बसावं लागतं.

गाडीतले दोन तास आता युरोपवर जाऊ लागले. “दार उघडं असलं की माणूस येतो, जातो, कमावतो. कुणाचं काय बिघडतं?” असं जेरोम म्हणायचा. हारून म्हणायचा, “दार तुझ्या जावयाला उघडं हाय. माझ्या भावाला भिंत हाय. भिंतीला दार म्हणायला मी काय येडा हाय?” खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. भांडण टिकायला एवढंच लागतं.

तो रमजानचा महिना होता. सार्वमताच्या आदल्या शुक्रवारी हारूनच्या घरी इफ्तार होता आणि झाकण आणायचा हुकूम आला होता. सात माणसं होती: हारून, दिलशाद, त्यांची मुलगी अफशीन, जेरोम, पामेला, प्रशांत आणि प्रेमा. टोप मधोमध, आणि नुकताच दम उघडून मला उलटं करून जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाच्या कडेला ठेवलेलं. या घरात उलट्या झाकणाला एक काम असायचं. हाडं, बिया, लिंबाच्या साली, सगळं माझ्यात. ही सवय इतकी जुनी की कुणी बघून टाकायचं नाही. हात आपोआप वळायचा.

अजान झाली, सगळ्यांनी खजूर तोंडात टाकले, आणि हारूनला हुक्की आली. त्याने एक स्टीलची वाटी पुढे सरकवली.

“चला, आपलं पण सार्वमत होऊन जाऊ दे. वाटी म्हणजे राहायचं. झाकण म्हणजे निघायचं. एक माणूस, एक बी. यल्ला, चला.”

“झाकण का निघायचं?” जेरोमने विचारलं.

“कारण ते निघतं. वाटी कशी निघंल?”

यावर सगळे हसले आणि मतदान पार पडलं. अफशीनने बापाकडे न बघता वाटीत बी टाकली. जेरोम, प्रशांत आणि प्रेमाने वाटीत टाकली. हारून आणि दिलशादने माझ्यात. आणि पामेला, जिची मुलगी स्विंडनला होती, ती प्रेमाशी कसल्याशा लोणच्याबद्दल बोलत होती. बोलता बोलता तिचा हात सवयीने वळला आणि तिची बी माझ्यात पडली. पडल्यावर तिला कळलं. ती एकदम थांबली, नवऱ्याकडे बघितलं, आणि लोणच्याचं पुढे चालू केलं. मी हे पाहिलं. मी झाकण आहे. झाकणं हे माझं काम.

पण एवढ्यावर थांबलं नाही. रोजा सोडताना खजूर विषम संख्येने खातात, कुणी तीन खातो, कुणी पाच. मत दिल्यावर उरलेल्या बिया लोकांनी कुठे टाकायच्या? नेहमीच्या जागी. माझ्यात. जेरोमने स्वतःच्या हाताने दोन टाकल्या.

प्रशांतला तटस्थ निरीक्षक नेमलं होतं. त्याने मोजणी जाहीर केली. “वाटीत चार. झाकणात तेरा. लिंबाची साल एक, ती बाद. एकूण मतदार सात, मतं सतरा. टक्केवारी समाधानकारक आहे.”

“बघ,” हारून म्हणाला. “जनता काय म्हणते बघ.”

“ही जनता नाही, हा कचरा आहे,” जेरोम म्हणाला. “फेरमोजणी पाहिजे.”

“हरला की फेरमोजणी. तू पण ना, अगदी साहेब झालास.”

तो शुक्रवार हसण्यात गेला. मी त्याची आठवण ठेवली आहे, कारण त्या दोघांना एका दस्तरखानावर हसताना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

पुढच्या शुक्रवारी सकाळी खरा निकाल आला. इंग्लंड निघालं होतं. मी फ्रिजमागे होतो. दुपारी फ्लावियाचा फोन आला, पामेलाने स्पीकर लावला होता. फ्लाविया मस्कतच्या शाळेत शिकलेली, तिचं मराठी अडखळत चालायचं.

“मम्मी, मी बेकरीत लाइनमध्ये होते. मागे एक आजी होती. रोज भेटते ती, हॅलो करते. ती मला म्हणाली, आता बॅगा बांधायला घ्या हं. मम्मी, ती हसत होती. छान हसत बोलली. दॅट्स द थिंग.”

जेरोम ओट्याला टेकून ऐकत होता. फोन बंद झाला. पामेला म्हणाली, “आज खाली नको जाऊया.” तो म्हणाला, “रोजेवाल्यांना थांबवून ठेवतात का? झाकण घे.”

मित्रांनो, त्या संध्याकाळी हारूनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो. त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं की त्याचा पक्ष जिंकला आहे. बिर्याणी उघडली, मला उलटं केलं, अजान झाली. पाच-सहा बिया माझ्यात पडल्या. आणि हारून मांडी बदलत, अगदी मजेत म्हणाला, “खलास, जेरोमभाय. जावयाला फोन लाव. म्हणावं यल्ला, बॅगा बांध.”

जेरोमच्या हातात खजूर होता. तो त्याने परत ताटात ठेवला. उठला. मला उचललं, माझ्यातल्या बिया दस्तरखानावर ओतल्या, आणि दाराकडे निघाला.

हारूनला अजून गंमतच वाटत होती. “आरं झाकण कुठं नेतोस? बिर्याणी निवंल.”

“टोप तुझा, झाकण माझं,” जेरोम म्हणाला. “ज्याचं त्याच्याकडे. तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?”

‘तुम्हाला’ म्हणाला. चौदा वर्षांत हारूनला त्याने पहिल्यांदा अनेकवचनात घातलं होतं.

खरं कारण दिलशादला आठवड्याने जिन्यात कळलं, पामेलाकडून. तिने नवऱ्याला सांगितलं. ती पुढे पामेलाला म्हणाली की ऐकून तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, “मला काय ठाऊक?” ते खरंच होतं. पण ‘मला ठाऊक नव्हतं’ आणि ‘चुकलो’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि जेरोमला दुसरं हवं होतं. तेवढं एकच. ईदच्या दिवशी हारून चार पायऱ्या चढूनही आला. वर जेरोमच्या टीव्हीवर चर्चा चालू होती आणि जेरोम टीव्हीला मोठ्याने सांगत होता, “अडाणी लोकांनी मतं दिली, दुसरं काय.” चार पायऱ्या उतरण्याचा आवाज मी फ्रिजमागून ऐकला.

त्या ईदला खाली बिर्याणी झाली. दम कसा दिला? चांदीचा कागद लावून. तो पातळ, चुरचुरीत, एका वापरात फेकायचा कागद. दिलशादच्या दूरदृष्टीत एवढी एकच गोष्ट राहून गेली होती. मी कुणाचा हेवा करत नाही, पण ज्याला स्वतःचा आकार नाही त्याच्यावर निखारे कसे ठेवणार? ठेवलेच नाहीत म्हणे. ओव्हनमध्ये घातली. वर नाताळला पामेलाने मटण तीन कुकरांत वाटून केलं. तिन्हींची चव वेगळी आली आणि जेरोमने तिन्हींना चांगलं म्हटलं.

मग दुफळी पसरली. ‘माबेला मराठी मंडळी’ नावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्याचे दोन झाले. एकाचं नाव ‘माबेला मराठी मंडळी (मूळ)’, दुसऱ्याचं ‘माबेला मराठी मंडळी (खरी)’. प्रशांत दोन्हींत होता आणि दोन्हींवर तेच गुड मॉर्निंग टाकायचा. दोघांच्या गाड्या वेगळ्या झाल्या. सकाळी साडेसहाला दोन गाड्या एकामागून एक निघायच्या, त्याच रस्त्याने, त्याच ट्रॅफिकमध्ये उभ्या राहायच्या. यालाच स्वातंत्र्य म्हणत असावेत.

मधल्या काळात माझं काय झालं ते विचारू नका. तरी सांगतो. फ्रिज नवा आला, फट गेली. मी बाल्कनीत कुंड्यांखाली गेलो, पाणी साचू नये म्हणून. मग कपड्यांच्या चिमट्यांचं ताट झालो. एकदा पामेलाने मला घासायला घेतलं, काठावर कुठे वाळलेल्या कणकेचा तुकडा राहिला होता तो नखाने काढायला गेली, आणि तसाच राहू दिला.

महामारीत खाली सगळ्यांना ताप आला. पामेलाने तीन दिवस पेजेचा डबा दाराशी ठेवला. जेरोमला ते माहीत होतं. तो डबा निघायच्या वेळेला अंघोळीला जायचा. चौथ्या दिवशी डबा घासून परत आला. रिकामं भांडं परत करू नये म्हणून दिलशादने त्यात खजूर भरले होते. बिया काढलेले.

तिने आपले सोयीचे म्हणून आणलेले असणार. आजाऱ्याच्या घरात काय असेल ते. पण जेरोम त्या डब्याकडे बघत राहिला. “बघितलंस?” तो पामेलाला म्हणाला. “टोमणा बघितलास? मत द्यायला बीसुद्धा ठेवली नाही.”

आणि मजा ऐका. फेबियनला तिकडे राहायचा कायमचा परवाना मिळाला. मोबाइलवर अर्ज केला, मोबाइलवर आला. कुणीही बॅग बांधली नाही. यासिरचे अर्ज दोनदा परत आले. तो अजून सलालाहला आहे आणि त्याच्या हातच्या बिर्याणीसाठी पावसाळ्यात रांग लागते. म्हणजे जेरोमची भीती खरी झाली नाही आणि हारूनची आशाही नाही. इंग्लंडने या दोघांच्या बाबतीत काहीच केलं नाही. जे काही केलं ते यांनी यांचंच केलं. पण एवढी वर्षं जपलेलं भांडण नुसत्या वस्तुस्थितीसाठी कोण सोडतो?

मग जेरोम साठ वर्षांचा झाला. स्टोअरमध्ये त्याच्या जागी एक ओमानी तरुण आला, हुशार पोरगा. जेरोमने त्याला दोन महिने सगळं शिकवलं. व्हिसा रद्द व्हायची तारीख ठरली. वसईला जायची खोकी बांधली. पामेलाने मला उचललं आणि कुठल्याच खोक्यात घातलं नाही. ती तशीच मला घेऊन जिना उतरली, आठ वर्षांनी, आणि दिलशादला म्हणाली, “शुक्रवारी एकदा. जायच्या आधी.”

दिलशादने टोप बाहेर काढला. पण पेच पडला. जेवण कुठे? जेरोम खाली येईना, हारून वर येईना. टोपाने चढायचं की झाकणाने उतरायचं, यावर दोन दिवस दोन बायकांमार्फत वाटाघाटी झाल्या. शेवटी गच्ची ठरली. गच्ची कुणाचीच नव्हती.

डिसेंबरातला शुक्रवार, दुपारचं कोवळं ऊन. प्रशांत-प्रेमा आले. हारून आला, दाढी पांढरी झालेली. जेरोम आला, त्याच्या हातात घड्याळ होतं. मला टोपावर ठेवलं, आणि मी बसेना. एका बाजूला बोटभर फट. कुंड्यांखाली राहून मी वाकलो होतो की ओव्हनमध्ये कोंबून टोपाच्या काठाला पोचा आला होता, याबद्दल मतभेद आहेत. माझं मत मी सांगणार नाही. दिलशादने जास्तीची कणीक लावून फट बुजवली. निखारे ठेवले. सगळे गोल बसले.

हारून घसा खाकरत होता. तीनदा खाकरला. मी त्याला ओळखतो, तो ते वाक्य तोंडाशी आणत होता. पण सरळ तिथे कोण पोचतं? त्याने आडवाटेने सुरुवात केली.

“फ्लाविया कशी हाय?”

सोपा प्रश्न होता. याचं उत्तर ‘बरी आहे’ असं असतं. जेरोमनेही बहुतेक तेच ठरवलं होतं. पण आठ वर्षं घासूनपुसून ठेवलेलं वाक्य हाताशी असलं की माणसाला मोह आवरत नाही.

“आहे,” जेरोम म्हणाला. “बॅगा नाही बांधल्या अजून.”

हारूनने मान खाली घातली. तोंडाशी आलेलं वाक्य परत गेलं, मी ते जाताना पाहिलं. तेव्हा पामेलाने, दोघांना सोडवायचं म्हणून, आपल्याजवळ होतं नव्हतं ते काढून मध्ये ठेवलं.

“त्या दिवशी ती एक बी माझी होती,” ती म्हणाली. “झाकणातली. मी बघितलं नाही, हात गेला. माझ्याच पोरीविरुद्ध माझं मत पडलं. आठ वर्षं मला झोपताना ते आठवतं. तुम्ही दोघं आता पुरे करा.”

दोघांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता होईल.

“बघ,” हारून हळूच म्हणाला. “तुझ्या घरातलं मतसुद्धा आमच्याकडं होतं.”

“बघ म्हणजे?” जेरोम म्हणाला. “फसवून घेतलेलं मत ते. मी तेव्हाच म्हटलं होतं, मोजणी खोटी आहे. उलटं झाकण पुढे ठेवलंच कशाला?”

“बी टाकायला मी सांगितलं तिला? आणि एक गेली तरी बारा राहतात.”

“त्यातल्या दोन माझ्या होत्या.”

“म्हणजे तू पण आमच्याकडं.”

“प्रशांत, तू सांग. तू मोजलंस.”

प्रशांत म्हणाला, “साहेब, मी दोन्ही ग्रुपवर आहे.”

पामेलाने पदराने तोंड पुसलं आणि खाली रस्त्याकडे बघत बसली. दिलशादने तिच्या पाठीवर हात ठेवला. पुरुषांचं वीस मिनिटं चाललं. त्या वीस मिनिटांत जेरोमने घड्याळ बघितलं नाही, आणि हारूनने माझ्या कडेला कान लावला नाही. मी बोलायचा थांबलो होतो, मित्रांनो. केव्हाचाच. मग वास आला.

बिर्याणी खालून चार बोटं जळली. वरची सगळ्यांनी खाल्ली, चांगली झाली म्हणाले. उठताना हारूनने मला कपड्याने धरून जेरोमपुढे केलं. “झाकण तुझं हाय. ने.” जेरोम म्हणाला, “टोपाशिवाय काय करू? तूच ठेव.” “नको, तुझंच.” “नाही, तू ठेव.” दुरून कुणी पाहिलं असतं तर दोघे एकमेकांना काहीतरी प्रेमाने देत आहेत असं वाटलं असतं. मला गच्चीच्या कठड्यापाशी ठेवून दोघे दोन वेळांना जिना उतरले. रविवारी जेरोम आणि पामेला विमानतळावर टॅक्सीने गेले. हारूनची गाडी खाली उभी होती. तोही गाडीत बसलेला होता, असं प्रशांत सांगतो. गाडी सुरूही होती म्हणे.

टोप आता वादी कबीरच्या दुकानात आहे. त्यात पाणी भरून ट्यूबचं पंक्चर शोधतात. बुडबुडे आले की हारून वाकून बघतो.

मी गच्चीवरच आहे. पाण्याच्या टाकीचं प्लास्टिकचं झाकण उन्हाने फुटलं, तेव्हा इमारतीचे मालक अहमद वर आले, मला उचललं, टाकीच्या तोंडावर ठेवलं आणि फिरवून बघितलं. मी बसलो. तंतोतंत.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूने चार शब्द सांगायचे असतात. वस्तू जपून वापरा, माणसं जपा, मत देताना हात कुठे जातो ते बघा, चुकलो म्हणायला जिना चढावा लागला तर चढा, चौथ्या पायरीवर थांबू नका. हे सगळं मी पाठ करून ठेवलं होतं. पण आता सांगत नाही. तुम्ही ऐकून घ्याल, मान डोलवाल, आणि त्यावरून तुमच्यात दोन तट पडतील.

माझं एवढंच काम होतं. मी वाऱ्याने उडू नये म्हणून माझ्यावर एक वीट ठेवली आहे. ती नेमकी मधल्या रिव्हेटवर आली आहे. कुणी गच्चीवर कपडे वाळत घालायला आलं, तर तेवढी बोटभर डावीकडे सरकवा.